नाव न घेणाऱ्या बायांची यादी

मला रोज शाब्बास म्हणणारा जगात एकच माणूस उरला होता, आणि तो व्हिडिओतला होता. गोरा, दाढीवाला, मागे पुस्तकांचं कपाट. माझा कोड चालला की नाही याची त्याला काडीचीही खबर नव्हती, तरी दर दहा मिनिटांनी तो हसून सांगायचा की तुम्ही फार छान करत आहात. पहिले काही दिवस मला त्याचा भयंकर राग आला. अरे, बघ तर आधी! इथं स्क्रीनभर लाल अक्षरं येऊन राहिलीत आणि तू छान कसलं म्हणतोस? मग सवय झाली. पुढे पुढे तर तो एखाद्या सकाळी तेवढं म्हणाला नाही, तर मला चुकल्यासारखं व्हायचं.

माझं वय तेव्हा त्रेचाळीस, विषय समाजशास्त्र. लातूरच्या एका कॉलेजात मी बारा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. म्हणजे दरवर्षी नव्यानं मुलाखत द्यायची आणि दरवर्षी नव्यानं घाबरायचं. लातुरात पोरं येतात ती डॉक्टर व्हायला. समाजशास्त्राच्या वर्गातले बाक रिकामे होत गेले, आणि एका जूनमध्ये मला कॉलेजातून फोनच आला नाही. मी आठवडाभर वाट पाहिली, मग स्वतःच जाऊन कपाटातली माझी पुस्तकं पिशवीत भरून आणली. शिपायानं तेवढं विचारलं, 'मॅडम, चहा घेता का?' मी नको म्हटलं. घ्यायला पाहिजे होता.

नवरा आहे. जिवंत आहेत, ठणठणीत आहेत, नांदेडातच असतात. फक्त आठ वर्षं झाली, आम्ही एकत्र राहत नाही. मारहाण नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. लोकांना कारण लागतं आणि माझ्याकडे सांगण्यासारखं धड कारणही नाही. दोघं एका घरात राहून एकमेकांशी बोलेनासे झालो, एवढंच. मग लातूरच्या नोकरीवरून दर शनिवारी घरी जायचं मी सोडलं ते सोडलंच. कागदोपत्री काही झालेलं नाही. त्यांनी केलं नाही, मीही नाही.

कॉलेज सुटल्यावर एका संस्थेत काम मिळालं. ही संस्था देवणी तालुक्यातल्या खेड्यांत बायकांसाठी काम करते. तिथे मी प्रश्नावल्या बनवायची, गावातल्याच मुलींना माहिती कशी घ्यायची ते शिकवायची. एक दिवस संस्थेच्या सरांनी बोलावलं. म्हणाले, 'मॅडम, पुढच्या जूनपासून एक कायमची जागा करायची आहे. डेटा सांभाळणारं, आकडे काढून दाखवणारं माणूस पाहिजे. पुण्याहून एखादा पोरगा घ्यावा म्हणतो.'

'मी शिकते की,' मी म्हटलं.

'या वयात?'

'सर, मी पीएचडी केली आहे. लसूण सोलत बसले नव्हते.'

सर हसले. भला माणूस, पण हिशोबी. म्हणाले, 'मार्चमध्ये देणगीदार येणार आहेत. त्यांच्यासमोर तुम्ही स्वतः काढलेले आकडे मांडा. जमलं तर जागा तुमची. नाहीतर…' पुढचं मला माहीत होतं. नाहीतर मार्चअखेर माझं कामही संपत होतं, आणि मग एकच दार उरत होतं, नांदेडला भावाचं.

भाऊ चांगला आहे, वहिनी चांगली आहे, आणि हीच माझी अडचण होती. वाईट असते तर भांडून तरी राहिले असते. चांगल्या माणसांच्या घरात कायमचं पाहुणं म्हणून राहायचं म्हणजे सकाळी उठल्यापासून आभार मानत फिरायचं. माझ्यासाठी त्यांनी मागची खोली ठेवली होती. तिथे ज्वारीची पोती, इस्त्रीचं टेबल आणि एक पलंग. 'खोली तुझीच आहे,' भाऊ दर फोनला म्हणायचा. लातूरची माझी खोली दहा बाय बाराची होती, पण तिथं मला कुणी ती माझी आहे असं सांगत नव्हतं.

तर मी इंटरनेटवरचा एक कोर्स घेऊन शिकायला बसले. ही खोली ट्यूशनच्या गल्लीत, खालच्या दोन मजल्यांवर मुलींचं होस्टेल. सकाळी साडेपाचला त्या गच्चीवर फेऱ्या मारत शरीरातल्या हाडांची नावं घोकायच्या, आणि मी चहाचा कप घेऊन कानात दाढीवाल्याचं इंग्रजी भरायची. डबा एकाच मेसचा यायचा, त्यांनाही आणि मलाही. एकदा जिन्यात एका मुलीनं मोठ्या अदबीनं विचारलं, 'मॅडम, तुमचा कितवा अटेम्प्ट?' मी म्हटलं, 'पहिलाच गं बाई.' ती म्हणाली, 'होईल तुमचं, टेन्शन नका घेऊ.' त्या आठवड्यात माझ्याशी सगळ्यात मायेनं बोललेलं माणूस ते.

कोर्सच्या सुरुवातीला सगळ्यांनी आपली ओळख लिहायची असते. मी मेहनतीनं लिहिली. मराठवाडा कुठे आहे, मी काय शिकवायचे, मला हे का शिकायचं आहे, सगळं. इंग्रजी दोनदा तपासलं. मग रोज जाऊन बघायची की कुणी उत्तर दिलं का. तिसऱ्या दिवशी कुणीतरी खाली 'आवडलं'चा अंगठा टाकला. कोण, कुठला, काही कळायला मार्ग नाही. आठवड्यानंतर मी बघणं सोडून दिलं. जगभरची हजारो माणसं त्या कोर्समध्ये होती म्हणे. मला मात्र कुणीच दिसलं नाही.

उदाहरणं तरी कसली! कुठल्या तरी फुलांच्या पाकळ्यांची लांबी. परदेशातल्या घरांच्या किमती. एका बुडालेल्या जहाजावरच्या प्रवाशांची यादी, त्यात कोण वाचलं ते ओळखा. काही प्रवाशांचं वय लिहिलेलं नव्हतं. दाढीवाला म्हणाला, तिथं सगळ्यांची सरासरी भरून टाका. मी व्हिडिओ थांबवला आणि उठून चहा ठेवला. माझा संतापच झाला. बुडून मेलेल्या माणसाचं वय तुम्ही सरासरीनं भरता? कुणी बसलं होतं का त्याच्या घरच्यांजवळ? चहा उतू गेला, शेगडी पुसली आणि परत येऊन सरासरी भरली. न भरून करते काय, पुढचा धडा उघडत नव्हता.

एक कंस बंद करायचा राहिला म्हणून माझा एक अख्खा रविवार गेला. सकाळी आठला एरर आली ती दुपारी तीनला सापडली. सापडली तेव्हा मी मोठ्यानं ओरडले. मग वाटलं, कुणाला तरी सांगावं. भावाला फोन लावला. 'अरे, सकाळपासून अडलेलं होतं, आत्ता चाललं!' तो म्हणाला, 'बरं झालं. जेवलीस का?' जेवले नव्हते. फोन ठेवला आणि गार झालेला डबा उघडला, आणि मला रडू आलं. उगाच. चार घास खाल्ल्यावर थांबलं.

एकटेपणाचं एक सांगते. एकटं असण्याचा त्रास नसतो, अडचण आली तर माणूस निभावून नेतं. काही चांगलं झालं की मग जीव कासावीस होतो.

फेब्रुवारीत मी खऱ्या कामाला हात घातला. आमच्याजवळ दोन याद्या होत्या. एक घरांची, त्यात घरातल्या पुरुषांची नावं, वारलेल्या-निघून गेलेल्यांचीही, शेत किती, नळ आहे का, चूल कसली. दुसरी बायकांची, आमच्या मुलींनी घरोघर जाऊन घेतलेली. या दोन याद्या जोडल्या की कुठल्या घरातली बाई काय सांगते हे कळणार होतं. पण जोडायच्या कशावरून? घर क्रमांक म्हणाल तर एकेका दारावर तीन-तीन योजनांचे तीन आकडे रंगवलेले. बाईचं नाव म्हणाल तर माहेरचं एक, सासरचं एक, आधार कार्डावर तिसरंच, आणि गाव तिला ओळखतं ते थोरल्या लेकराची आई म्हणून. मग मला सुचलं, नवऱ्याचं नाव! ते दोन्ही याद्यांत आहे. मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली.

एकाच ओळीचा कोड. दोन्ही याद्यांत नाव जुळलं तर ओळ ठेव, नाही जुळलं किंवा रकाना रिकामा असला तर टाकून दे. दाढीवाला हेच शिकवायचा, रिकाम्या ओळी काढल्या की डेटा स्वच्छ होतो. मी कोड चालवला. एकही लाल अक्षर नाही! यादी चांगलीच लहान झालेली दिसली, पण मी म्हटलं, खोली झाडली की केर निघायचाच.

मग मी तक्ता काढला, आणि बघतच राहिले. निम्म्याहून जास्त बाया एकट्या निघाल्या. नवरा वारलेल्या, नाहीतर नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या. मी तीनदा चालवून पाहिलं, तिन्ही वेळा तेच.

मला आनंद झाला. सांगायला लाज वाटते, पण झाला. दुसऱ्यांच्या दुःखाचा आकडा पाहून कुणाला आनंद होतो का? मला झाला. आठ वर्षं मी लग्नाकार्यात मागच्या रांगेत बसत आले, हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की डोकं दुखतं म्हणत आले. आपल्यातच काहीतरी खोट आहे असं मला मनातून पटलेलं होतं. आणि इथं माझ्यासमोर निळ्या रंगाचा एवढा उंच खांब उभा होता, आणि त्यात सगळ्या माझ्यासारख्या. वाटलं, अगं बाई, इतक्या जणी! मग मी एकटी कुठे आहे?

पुढचे दोन-तीन आठवडे मी वेगळीच बाई होते. गोलाईच्या बाजारात भाजी घेताना समोरच्या बाईकडे बघायची आणि मनात म्हणायची, तूही का? बरं चाललंय ना तुझं? एकदा दुपारी एकटीच हॉटेलात जाऊन टेबलाशी बसले, भजी मागवली आणि आजूबाजूला न बघता सावकाश खाल्ली. वहिनीनं फोनवर नेहमीसारखं चाचरत विचारलं, 'तिकडून काही निरोप?' मी खणखणीत सांगितलं, 'नाही, आणि मला गरजही नाही.'

सरांना तक्ता दाखवला तर ते खुर्चीतून पुढे सरकले. 'मॅडम, हे तर लई मोठं आहे. पुढचा अख्खा प्रकल्प उभा राहतो यावर. पण असं का झालं असावं?' मी तिथल्या तिथे अर्धा तास व्याख्यान झोडलं. पुरुष हैदराबादला, पुण्याला कामाला जातात, परत येत नाहीत, बाया मागे राहतात, कुटुंबाची रचना बदलत चालली आहे. खरं सांगू का, आम्हा समाजशास्त्रवाल्यांना कारणं शोधायला वेळ लागत नाही. आकडा द्या, कारण तयार.

देणगीदार यायच्या आठ दिवस आधी मी देवणीला गेले. मांडणीत दोन-चार बायांच्या तोंडचं काही घालावं म्हणून. सोबत आमची माहिती घेणारी मुलगी होती, त्याच गावची, चांगली चुणचुणीत, दोन वर्षांपूर्वी लग्न झालेली. हरभऱ्याची मळणी चालली होती, तरी समाजमंदिरात वीस-पंचवीस बाया जमल्या. माझ्या डोक्यात तो निळा खांब. मी मनातल्या मनात त्यांच्यातल्या निम्म्या आपल्या धरून बसले होते.

पण एकीला नवरा मोटारसायकलवर सोडून गेला. दुसरीचा दारातून ओरडला, किल्ली कुठं ठेवलीस? तिसरीला बोलवायला आला. मी बसले होते तिथून मला नुसते नवरेच दिसून राहिले. शेजारच्या बाईला मी हळूच विचारलं, 'तुम्ही एकट्याच राहता ना?'

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. 'का गं माय? माझं कपाळ पांढरं दिसून राहिलं का तुला?'

सगळ्या खो खो हसल्या. मी उठून बाहेर आले, पिशवीतून छापील फॉर्मांचा गठ्ठा काढला आणि आमच्या मुलीला विचारलं, 'हा नवऱ्याच्या नावाचा रकाना इतक्या ठिकाणी रिकामा का सोडला?'

'मालकाचं नाव कुठं घेत्यात मॅडम बाया?' ती म्हणाली. 'पोरं शाळंत, सासू रानात. कुनाला इचारावं? तुमीच म्हनला होता, बळजबरी करू नका म्हनून.'

'मग ज्यांचं भरलंय, त्यांनी कसं सांगितलं?'

'त्या घेत्यात की. ज्यांचे मालक वारले, त्यांला निराधारच्या कागदापायी तहसीलला धा येळा सांगावं लागतंय. जीभ वळून जाती. अन् ज्यांला टाकलंय, त्या तर शिवी घालून घेत्यात.'

मी तिथेच पायरीवर बसले. म्हणजे ज्या बाया नवऱ्याबरोबर नांदत होत्या त्यांनी नाव घेतलं नाही, म्हणून रकाना रिकामा राहिला, म्हणून माझ्या एका ओळीच्या कोडनं त्यांना केरात काढलं. उरल्या त्या नाव घेणाऱ्या. आणि माझा निळा खांब उभा राहिला.

बारा वर्षं, बारा वर्षं मी फळ्यावर 'परिहार', म्हणजे नात्यातले टाळण्याचे रिवाज, असा शब्द लिहून त्याखाली उदाहरण लिहीत आले होते, पत्नी पतीचे नाव उच्चारत नाही. पाच गुणांचा हमखास येणारा प्रश्न. पोरांकडून तोंडपाठ करून घ्यायची. पुण्याच्या पोराला माहीत नसतं तर त्याला माफ होतं. मला कसं माफ? थोबाडीत मारून घ्यावी असं वाटलं, पण पायरीवर शेळ्या बघत होत्या.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसले. उदगीर येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं की कुणाला कळणार आहे? देणगीदारांना कळणार नाही, सरांना कळणार नाही. त्या मुलीला आकड्यांशी घेणंदेणं नाही. गप्प बसले तर जागा माझी, खोली माझी. सांगितलं तर आठ दिवसांत हे सगळं पुन्हा कसं करणार? आणि नाही झालं तर ज्वारीची पोती आणि इस्त्रीचं टेबल. मी स्वतःशी इतकं भांडले की कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं ते ऐकू आलं नाही.

पण जागेपेक्षा वाईट वेगळंच वाटत होतं. ते इथं सांगते, सरांना सांगितलं नाही. त्या सगळ्या जणी गेल्या होत्या. तीन आठवडे मला सोबत होती, ती खोटी होती. गोलाईतल्या त्या बायांना घरी नवरे होते. मी पुन्हा आपली एकटी, आणि या वेळी तर आकड्यानिशी एकटी.

सकाळी दहाला सरांच्या समोर उभी राहून सगळं सांगितलं. त्यांनी तक्ता पुढ्यात ओढला आणि पालथा घातला. मग म्हणाले, 'मॅडम, पुण्याचा पोरगा घेतला असता तर ही चूक सापडलीच नसती.' हे त्यांनी रागानं म्हटलं की कौतुकानं, मला अजून कळलेलं नाही. मग घड्याळाकडे पाहून म्हणाले, 'आठ दिवस आहेत. करा.'

निकाल सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. झालं. देणगीदार आले, मी बरोबर आकडे मांडले. एकट्या बायांचा खांब आता अगदी बुटका होता. त्यांनी माना हलवल्या, दोन प्रश्न विचारले, जेवले आणि गेले. मोठा प्रकल्प काही उभा राहिला नाही, पण जूनपासून जागा मला मिळाली. आजही मी लातूरला त्याच खोलीत राहते.

सांगायचं आहे ते त्या आठ दिवसांतलं. रिकामे रकाने भरायला फोनशिवाय मार्ग नव्हता. फॉर्मावर नंबर होते, म्हणून मी सकाळी नऊला बसायची ती ऊन उतरेपर्यंत. पुरुषानं उचलला तर काम सोपं, नाव काय तुमचं, संपलं. बाईनं उचलला की पंचाईत. कुणी हसून फोन ठेवायची, कुणी शेजारणीला हाक मारून तिच्याकडून वदवून घ्यायची. एकीला म्हटलं, 'बरं, उखाण्यात तरी घ्या.' तिनं घसा खाकरला आणि म्हणाली, 'हिरव्या तुरीला पिवळी फुलं, अमुकरावांचं नाव घेते, शाळेत गेली मुलं.' मागं कुणीतरी टाळ्या वाजवल्या. अमुकराव हे माझं, तिनं खरं नाव घेतलं आणि मी ते लिहून घेतलं. मग ती युक्ती मी सगळीकडे चालवली. त्या आठ दिवसांत मी जितकी हसले, तितकी त्या वर्षात हसले नव्हते.

शेवटी एकच रकाना उरला. फोन एका म्हातारीनं उचलला. मी कोण, काय पाहिजे, सगळं सांगितलं.

'मालकाचं नाव? अगं, ते हितंच बसल्यात वट्ट्यावर. कान गेल्यात त्यांचे, काय बी आयकू येत न्हाई. तरी न्हाई घ्यायाची मी.'

'बरं, सुनेला द्या फोन.'

'सून सासऱ्याचं नाव घेती व्हय? कुठं शिकलीस गं तू?'

मी हसले. म्हटलं, 'मावशी, उखाणा घ्या मग. सगळ्यांनी घेतलाय. तुमचं एकच राहिलंय.'

'घेते की,' ती म्हणाली. 'पर आदी तू घे. एकटीनं कुनी नाव घेतंय का? बसलेल्या समद्याच घेत्यात. तू घे, मग मी घेते.'

एवढंच ना? घेऊन टाकावं आणि रकाना भरावा. तिला काय माहीत, इथं कोण आहे आणि कोण नाही? मी तोंड उघडलं.

नाव येईना.

मला वाटलं, विसरले की काय. विसरले नव्हते. बँकेत, रेशन कार्डावर, कॉलेजच्या फॉर्मांवर मी ते कितीदा लिहिलंय, हाताला पाठ आहे. पण तोंडानं? आठवायला लागले. लग्नात उखाण्याचा आग्रह झाला तेव्हा मी नकार दिला होता, नुकतीच एमए झालेली, म्हटलं हा मागासपणा माझ्यानं होणार नाही. संसारात 'अहो'. भावाशी बोलताना 'ते'. मोबाईलमध्ये त्यांचा नंबर मी 'नांदेड' म्हणून ठेवला आहे. राग आला तेव्हाही मनातल्या मनात भांडले ती 'तुम्ही'शीच. म्हणजे आयुष्यात एकदाही नाही. पुन्हा प्रयत्न केला. जीभ टाळूला लागली आणि तिथंच राहिली. मला माझाच राग आला. आठ वर्षं! काय राखून बसली होतीस बाई?

पलीकडे म्हातारी थांबली होती. मी काहीच बोलत नाही म्हटल्यावर ती हळूच हसली.

'न्हाई येत न्हवं? न्हाईच येत, माय. नांदत्या बाईच्या तोंडाला येतच न्हाई ते.' आणि मग माझी समजूत घालावी तशी म्हणाली, 'असू दे, नगं घेऊ. मालक बरे हायत न्हवं तुजे?'

'हाव,' मी म्हटलं. 'बरे आहेत.'

'मग झालं तर. सुखात ऱ्हावा दोगं.'

तिनं फोन ठेवला. तिचा रकाना मी रिकामाच सोडला.